उत्तर रात्री आठला! सोशल मीडियावरून विज्ञानाची गोडी लावणारं वेब अ‍ॅप कसं बनवायचं

मे महिन्यातली दुपार, भांडुपला आमच्या बिल्डिंगची गच्ची, साडेबारा वाजून गेलेले आणि सातवीतली एक मुलगी स्टीलची पाण्याची बाटली समोर ठेवून उकिडवी बसलेली. दर पाच मिनिटांनी ती खडूने सावलीच्या टोकावर खूण करत होती, खुणा बाटलीच्या बुडाकडे सरकत गेल्या आणि शेवटी सावली दिसेनाशीच झाली. तिने बाटली उचलून खाली बघितलं, सावली तिथे दडलीये का म्हणून. मग मला विचारलं, "काका, उद्या पण जाईल का?"

हा जो "उद्या पण जाईल का" आहे ना, तो मुलांच्या (आणि मोठ्यांच्याही) तोंडून यावा म्हणून मी गेली काही वर्षं संध्याकाळी ऑफिसवरून आल्यावर एक छोटं वेब अ‍ॅप बनवतोय, मोडतोय, परत बनवतोय. त्यातून जे कळलं ते इथे सगळं लिहितो, कारण मराठीत असं काही करू बघणारे बरेच जण आहेत आणि बहुतेकांची गाडी त्याच त्या दोन-तीन ठिकाणी अडते.

आधी एक जुना फॉरवर्ड आठवा. "२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा मोठा दिसणार, गच्चीवर जाऊन नक्की बघा". दरवर्षी यायचा. त्याचं मूळ खरं होतं, २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीच्या खरंच खूप जवळ आला होता, सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर, आणि जवळजवळ साठ हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता. पण दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून बघितला तर नुसत्या डोळ्यांना पूर्ण चंद्र दिसतो तेवढा दिसेल, हे मूळ वाक्य होतं, त्यातली दुर्बीण पुढे गळून पडली. आता विचार करा की हा खोटा मेसेज एवढी वर्षं का फिरला. कारण त्यात तारीख होती, जागा होती आणि काहीतरी करायला सांगितलं होतं, गच्चीवर जा, वर बघा. आपल्या खऱ्या विज्ञानाच्या पोस्टमध्ये काय असतं? "तुम्हाला माहीत आहे का" आणि खाली माहिती. वाचणारा वाचतो, अंगठा देतो, पुढे सरकतो. त्याला करायला काही उरतच नाही.

म्हणून माझं अख्खं अ‍ॅप एका गोष्टीवर उभं आहे आणि तुम्हीही ती धरा असं मी कळकळीने सांगेन. उत्तर लगेच द्यायचं नाही. सकाळी प्रश्न, दुपारी माणसाने स्वतः बघायचं किंवा मोजायचं, रात्री आठला उत्तर. मधले बारा तास प्रश्न डोक्यात घोळत राहतो, ऑफिसच्या डब्यावर त्याची चर्चा होते, घरी कोणीतरी कोणाला तरी "तू काय टाकलंस" विचारतं. गोडी लागते ती त्या बारा तासांत.

पहिली पायरी, आणि यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा: प्रश्न शोधणं

कोड नंतर. आधी निदान दहा प्रश्न वहीत लिहून काढा. प्रश्न असा हवा की मुंबईतल्या वन आरके मधल्या माणसालाही खिडकीतून, गच्चीवरून किंवा स्टेशनवरून घरी येता येता तपासता येईल, साहित्य विकत आणावं लागणार नाही आणि अंदाज करता येईल. "कृष्णविवर म्हणजे काय" हा प्रश्न चांगला आहे पण या अ‍ॅपचा नाही, कारण त्यात बघणाऱ्याच्या हातात काही नाही.

सावलीचा प्रश्न घ्या. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून वर्षातून दोनदा, १५ मे आणि २८ जुलैच्या आसपास, सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. शून्य सावली दिवस. जुलैमधला आपल्याला ढगांमुळे बहुतेक वेळा मिळतच नाही, त्यामुळे तयारी मेची करा. यात एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी मी प्रश्नाच्या कार्डावर (ग्रुपवर टाकायच्या चित्रावर) सरळ "दुपारी १२ वाजता मोजा" असं लिहिलं. लोकांनी प्रामाणिकपणे बारा वाजता मोजलं, तीस सेंटीमीटरच्या बाटलीची चार-साडेचार सेंटीमीटर सावली निघाली आणि ग्रुपवर मेसेज आले की हे खोटं आहे. चूक माझीच होती. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं, मुंबई ७३ च्या जवळ आहे, एका अंशाला चार मिनिटं धरली तर अडतीस एक मिनिटांचा फरक पडतो, त्यात तारखेप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. मेच्या मध्याला मुंबईत खरी मध्यान्ह १२.३५ च्या सुमारास असते. म्हणजे अ‍ॅपने वेळ मोजून सांगायला हवी, हाताने टाईप केलेली नको. गंमत म्हणजे पुढच्या वर्षी तीच चूक मी मुद्दाम प्रश्न म्हणून वापरली: घड्याळात बारा वाजले तरी सूर्य डोक्यावर का नाही? तो प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा जास्त चालला.

हाच प्रश्न वर्षभर पुरतो हे त्याचं मोठेपण. २१ डिसेंबरला मुंबईत त्याच तीस सेंटीमीटरच्या बाटलीची मध्यान्हीची सावली साडेसत्तावीस सेंटीमीटर असते, जवळजवळ बाटलीएवढी, आणि २१ जूनला फक्त सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास, ती सुद्धा दक्षिणेला पडते. मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडू शकते हे मुंबईत जन्म गेलेल्या माणसालाही माहीत नसतं, कारण त्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं. आणि चर्चगेटपासून विरारपर्यंत गेलात तर अक्षांशात अर्ध्या अंशाचा फरक पडतो, म्हणून विरारचा शून्य सावली दिवस मे मध्ये चर्चगेटच्या साधारण दोन दिवस नंतर येतो. लोकलच्या एका लाईनवर! हे कार्ड टाकलं की विरारवाले आपणहून भाग घेतात.

दुसरा प्रश्न भरतीचा. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळेल. चतुर्थी असेल तर चार पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटे दोन्हीकडे. अष्टमीला सहा. अनंत चतुर्दशीला साडेदहा. हिशोब ढोबळ आहे, पण चंद्र दररोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते, हे त्या पाऊणपटीत दडलेलं आहे. कार्डावर एवढंच लिहा: आज तिथी अमुक, भरती किती वाजता? वरळी सी-फेस, माहीम, गिरगाव, जिथून जाल तिथून सांगा, पाणी चढतंय की उतरतंय. रात्री आठला हिशोब सांगा आणि त्यासोबत छापील भरतीचं वेळापत्रक दाखवा, म्हणजे आजोबांचा हिशोब किती मिनिटांनी चुकला तेही कळेल. पावसाळ्यात हाच प्रश्न गंभीर होतो. पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या बऱ्याच वाहिन्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली जातात, म्हणून मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की हिंदमातासारख्या सखल भागात पाणी तुंबतं. ज्याने आठवडाभर भरतीची वेळ बघितलीये त्याला ही बातमी वेगळीच वाचता येते.

तिसरा पाऊस. सरळ उभ्या भिंतीचा डबा, आत पट्टी, रात्रभर गच्चीवर, सकाळी मिलीमीटर वाचा. डब्याचं तोंड रुंद की अरुंद याने फरक पडतो का? (नाही पडत, भिंती सरळ असल्या की झालं, आणि हाच प्रश्न आधी विचारा.) २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७४ च्या आसपास. एकाच शहरात. तो दिवस ज्यांनी भोगलाय त्यांना हे आकडे सांगितले की आपल्या गल्लीचा पाऊस आपण का मोजायचा हे वेगळं समजवावं लागत नाही.

कोड लिहायच्या आधी तीन आठवडे हाताने चालवा

सोसायटीचा नाहीतर मुलांच्या शाळेतल्या पालकांचा एखादा ग्रुप घ्या. सकाळी साडेसातला प्रश्न टाका, अंदाज मागा, ते वहीत उतरवा, रात्री उत्तर टाका. कोणता प्रश्न कळला नाही, कुठे लोक गप्प बसले, कोणत्या शब्दावर अडले, हे सगळं इथेच फुकटात कळतं. मला इथे कळलं की "मध्यान्ह" शब्द मुलांना येत नाही आणि "सूर्य सगळ्यात वर असतो ती वेळ" म्हटलं की लगेच कळतं. दुसरं म्हणजे अंदाज न विचारता नुसतं "मोजा" म्हटलं तर कोणी मोजत नाही, पण एकदा माणसाने अंदाज टाकला की तो बरोबर निघतो का हे बघायला तो गच्चीवर जातोच.

आता अ‍ॅप

प्ले स्टोअरवरचं अ‍ॅप बनवू नका, निदान सुरुवातीला तरी. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली, दाबली, पाच सेकंदांत अंदाज टाकला, संपलं, असं पाहिजे. डाऊनलोड करा म्हटलं की अर्धे लोक तिथेच गळतात. म्हणून साधं वेब अ‍ॅप.

मी मागे, म्हणजे सर्व्हरच्या बाजूला, पायथॉन भाषेतलं जँगो (वेबसाईट बनवायची तयार चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) वापरतो, त्याचं मुख्य कारण म्हणजे जँगोसोबत तयार अ‍ॅडमिन पॅनल येतं, त्यामुळे ज्यांना कोड येत नाही अशा शिक्षक मैत्रिणीला लॉगिन दिलं की ती स्वतः प्रश्न भरते, तारीख लावते. तुम्हाला नोड (जावास्क्रिप्टवर चालणारा पर्याय) येत असेल तर नोड घ्या, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. डेटाबेसमध्ये टेबलं चारच लागतात. प्रश्न (मजकूर, चित्र, उघडायची वेळ, उत्तराची वेळ, उत्तराचा मजकूर), अंदाज, मोजमाप आणि स्टेशनं. स्टेशनांचं टेबल हे माझ्या मते मुंबईसाठी सगळ्यात उपयोगी. लोकेशनची परवानगी मागायची नाही, जीपीएस नको, फक्त "जवळचं स्टेशन कोणतं" एवढं विचारायचं. मुंबईकर स्वतःचा पत्ता स्टेशनवरूनच सांगतो, त्यामुळे कोणी अडखळत नाही, प्रत्येक स्टेशनचे अक्षांश-रेखांश तुम्ही एकदाच भरून ठेवता आणि कोणाच्या घराचा ठावठिकाणा तुमच्याकडे जमा होत नाही. सावलीच्या हिशोबाला तेवढी अचूकता भरपूर झाली.

प्रत्येक प्रश्नाला स्वतःचं पान आणि स्वतःची लिंक द्या. ते पान सर्व्हरवरूनच पूर्ण तयार होऊन यायला हवं, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने जुळवलेलं नको. का, ते पुढच्याच परिच्छेदात येतं.

लॉगिन ठेवू नका. इन्स्टाग्रामवरून लिंक दाबली की ती इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि अशा आतल्या ब्राउझरमध्ये गुगल स्वतःचं लॉगिन चालू देत नाही, लोकांना एरर दिसते आणि ते निघून जातात. मी हे दोन दिवस शोधत बसलो होतो. त्याऐवजी पहिल्यांदा आलेल्या माणसाला अ‍ॅपने एक खूण द्यावी, दोन शब्द आणि एक आकडा, समजा "निळा खेकडा ४२". ब्राउझरमध्ये ती साठवून ठेवायची आणि दुसऱ्या ब्राउझरमधून आला तर टाईप करून तोच माणूस परत चालू. मुलांना स्वतःची खूण फार आवडते.

नेटवर्क गृहीत धरू नका. लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये रेंज जाते आणि लोक प्रश्न नेमका तिथेच बघतात. सर्व्हिस वर्कर (नेट नसतानाही पान दाखवणारा ब्राउझरमधला छोटा कोड) लावून आजचं पान मोबाईलमध्ये ठेवा, अंदाज टाकताना नेट नसेल तर तो मोबाईलमध्येच साठवा आणि नेट आलं की पाठवा. पाठवला गेला की नाही हे स्पष्ट दिसू द्या, "साठवलाय, रेंज आली की जाईल" एवढं एक वाक्य पुरतं. आयफोनवर बॅकग्राउंडला पाठवायची सोय नाही, तिथे पान परत उघडल्यावर पाठवायचं. नोटिफिकेशनवरही फार विसंबू नका, आयफोनवर वेब नोटिफिकेशन तेव्हाच येतं जेव्हा माणसाने अ‍ॅप होम स्क्रीनवर घेतलेलं असतं, आणि तेवढं कोणी करत नाही. आठवण करून द्यायचं काम व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल किंवा ग्रुपवरच सोडा.

लिंक ग्रुपवर पडली की काय दिसतं, तिथेच निम्मा निकाल लागतो

व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकल्यावर खाली चित्र आणि ओळ येते ना, ती पानातल्या ओपन ग्राफ टॅगमधून, म्हणजे पानाच्या कोडमध्ये प्रिव्ह्यूसाठी लिहिलेल्या ओळींतून, येते. ही माहिती घ्यायला येणारे रोबो जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. पान ब्राउझरमध्ये जुळत असेल तर त्यांना रिकामं पान दिसतं आणि ग्रुपवर नुसती निळी ओळ पडते. म्हणून वर म्हटलं, सर्व्हरवरून तयार पान. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं ठेवा, वजन ३०० केबीच्या आत, आणि चित्रावर प्रश्न मोठ्या अक्षरात, चार-पाच शब्दांत. "आज सावली किती वाजता नाहीशी होईल?" एवढंच. लोगो, घोषणा, संस्थेचं नाव, मान्यवरांचे फोटो काही नको. आणि चित्र बदललं तर फाईलचं नाव पण बदला, नाहीतर जुनंच चित्र दिसत राहतं.

शेअर बटणाला ब्राउझरची स्वतःची शेअर सुविधा वापरा, म्हणजे मोबाईलवरची नेहमीची यादी उघडते. ती फक्त सुरक्षित एचटीटीपीएस पानावर आणि माणसाने स्वतः बटण दाबल्यावरच चालते, आणि जिथे नाही चालत तिथे साधी व्हॉट्सअ‍ॅपची लिंक ठेवा. पण शेअर काय करायचं हे जास्त महत्त्वाचं. उत्तर नाही, माणसाचा स्वतःचा अंदाज. "मी म्हणतो ५ सेंटीमीटर. तू?" असं कार्ड, त्यावर त्याची खूण आणि स्टेशन. भावाने भावाला, आत्याने भाचीला असा तो प्रश्न जातो. माहितीची पोस्ट अनोळखी लोकांकडून येते, हे कार्ड घरातल्या माणसाकडून येतं, आणि घरातल्याने विचारलं की माणूस उत्तर देतो.

इन्स्टाग्रामसाठी उभं कार्ड वेगळं बनवा, १०८० बाय १९२०, कारण कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक तिथे दाबता येत नाही, लिंक स्टोरीच्या स्टिकरमध्ये नाहीतर बायोमध्येच. यूट्यूब शॉर्ट करायचा असेल तर अर्ध्या मिनिटात बाटली, खडू आणि घड्याळ दाखवा आणि सावली जायच्या आधी व्हिडिओ थांबवा. ती गायब झालेली दाखवू नका.

मराठी नीट दिसली पाहिजे, यात तडजोड नको

पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे असं ब्राउझरला सांगा. काही फॉन्टमध्ये त्यावरूनच मराठी वळणाचा ल आणि श निवडला जातो, नाहीतर हिंदी वळणाचा येतो. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे सगळे फुकट वापरता येतात, आणि मुक्ता व बालू तर मुंबईच्याच 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने केलेले आहेत. फॉन्टचं वजन कमी करायला त्यातला भाग कापताना जोडाक्षरांचे नियम कापले जाणार नाहीत हे बघा. तपासायला माझं एक ठरलेलं वाक्य आहे: "दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर वाऱ्याची दिशा बदलली, क्षितिजावर श्रावणातला सूर्य". यातला ऱ्य नीट आला, क्ष आणि श्र तुटले नाहीत, तर फॉन्ट पास.

कार्डाचं चित्र बनवताना सगळ्यात जास्त घोळ होतो. सर्व्हरवर पायथॉनच्या पिलो या चित्रं बनवायच्या लायब्ररीने मराठी लिहिलं आणि त्यासोबत राक्म नावाची लायब्ररी बसवलेली नसली की वेलांट्या भलतीकडे जातात, जोडाक्षरं फुटतात. दोन मार्ग आहेत. एक, चित्र माणसाच्या मोबाईलवरच कॅनव्हासमध्ये (ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या जागेत) काढा, ब्राउझरला मराठी जुळवता येते, फक्त फॉन्ट पूर्ण लोड झाल्याशिवाय काढायला सुरुवात करू नका. दोन, सर्व्हरवर हेडलेस क्रोमने (स्क्रीनशिवाय चालणाऱ्या क्रोम ब्राउझरने) पानाचा फोटो काढा. मी पहिला वापरतो, सर्व्हरचा खर्च वाचतो.

आकड्यांचं पण असंच. आकड्यांसाठीच्या खास रकान्यात बरेच ब्राउझर देवनागरी आकडे घेत नाहीत, मराठी कीबोर्डवरून कोणी १२ टाईप केलं तर रकाना रिकामाच राहतो आणि त्या माणसाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. साधा मजकुराचा रकाना ठेवा, कीबोर्ड आकड्यांचा उघडेल अशी सूचना द्या आणि आलेले देवनागरी आकडे कोडमध्ये बदलून घ्या.

आलेल्या मोजमापांचं काय करायचं

इथे विज्ञान खऱ्या अर्थाने सुरू होतं, त्यामुळे इथे घाई नको. लोक चुकीचं मोजणार. कोणी मिलीमीटर लिहील, कोणाची बाटली तिरकी असेल, कोणी सव्वा वाजता मोजेल. अपेक्षेपेक्षा फार वेगळा आकडा आला तर अ‍ॅपने "चूक" म्हणू नये. मी लिहितो, "तुझा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच वेगळा आहे, बाटली सरळ उभी होती का, परत एकदा बघशील?" आणि परत तोच आकडा टाकला तर तो ठेवतो. कारण कधीकधी त्याचंच बरोबर असतं.

निकाल दाखवताना सरासरी दाखवू नका, कोणी साडेसत्तावीस सेंटीमीटरऐवजी मिलीमीटरमध्ये टाकलेल्या एका २७५ ने सगळी बिघडते. आकडे ओळीने लावून मधला आकडा घ्या, आणि त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येकाचं मोजमाप एक ठिपका म्हणून एका आडव्या रेषेवर दाखवा, त्यात त्याचा स्वतःचा ठिपका केशरी. माणूस आधी स्वतःला शोधतो, मग शेजारच्याला, मग विचारतो की सगळ्यांचे ठिपके एकाच जागी का नाहीत. याचं खरं उत्तर पण आहे. सूर्य आपल्याला आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सावलीची कडा कधीच धारदार नसते, टोक पुसट असतं, आणि तीस सेंटीमीटरच्या बाटलीला अर्ध्या अंशाचे अडीच मिलीमीटर होतात. म्हणजे दोन-तीन मिलीमीटरचा फरक कोणाचीच चूक नाही. हे कळलेल्या मुलाला मोजमापातली त्रुटी म्हणजे काय हे पाठ करावं लागत नाही.

पुढची मजा रत्नागिरीच्या मावशीला जोडून घेतलं की येते. रत्नागिरी मुंबईच्या दक्षिणेला आहे, अक्षांशात साधारण दोन अंशांचा फरक, उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २३० किलोमीटर. एकाच दिवशी दोन्हीकडे मध्यान्हीची सावली मोजली, कोनातला फरक काढला आणि ३६० ला त्याने भागून अंतराने गुणलं की पृथ्वीचा घेर मिळतो. इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हेच केलं. खरा घेर ४० हजार किलोमीटरच्या आसपास आहे. तुमचा ३५ हजार येईल नाहीतर ४८ हजार, कारण दोन अंश म्हणजे फारच थोडा फरक आणि सावली पुसट. म्हणून दिल्लीतलं कोणी ओळखीचं असेल तर त्यालाही ओढा, अंतर वाढलं की उत्तर सुधारतं, आणि ते का सुधारतं हा परत एका दिवसाचा प्रश्न.

मुलं आहेत, तेव्हा हे आधीच ठरवा

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची वैयक्तिक माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. सगळ्यात सोपं म्हणजे माहिती घेऊच नका. नाव नको, फोन नको, शाळा नको, बाहेरचे ट्रॅकर नकोत. फोटो घ्यायचेच असतील तर मोबाईलवरच कॅनव्हासमधून छोटे करून पाठवा, त्यात फोटोत लपलेलं जीपीएसचं ठिकाणही गळून पडतं, आणि तुम्ही स्वतः बघितल्याशिवाय एकही फोटो दिसू देऊ नका. कॉमेंट मी ठेवलेल्याच नाहीत. चर्चा ज्याच्या त्याच्या ग्रुपवर होते, ती तिथेच बरी.

सावलीच्या प्रत्येक कार्डावर दोन ओळी ठळक: सूर्याकडे थेट बघायचं नाही, मोबाईल कॅमेऱ्यातूनही नाही, आणि गच्चीवर मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही. भरतीच्या कार्डावर: कट्ट्यावरून बघा, पावसाळ्यात खडकांवर उतरू नका.

उत्तरं तपासून घ्या, आणि लोकांपर्यंत पोचा

आपण लिहिलेलं उत्तर किमान एका जाणकाराने वाचल्याशिवाय रात्री आठला लावायचं नाही, हा नियम मोडू नका. एक चुकीचं उत्तर गेलं की तेही फॉरवर्ड होतं आणि मागे घेता येत नाही. मुंबईत याबाबतीत आपण नशीबवान आहोत. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, १९६६ पासून मराठीतून हेच काम चाललंय, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आणि तारांगण, आणि टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) चाय अँड व्हाय कार्यक्रम, जिथे शास्त्रज्ञ समोर उभे राहून गप्पा मारतात. अशा ठिकाणी जा, ऐका, कार्यक्रमानंतर थांबून विचारा. मला तिथे भेटलेल्या माणसांनी उत्तरातली दोन वाक्यं बदलायला लावली आणि दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं.

अ‍ॅप चालतंय का हे लाईकवरून बघू नका. अंदाज टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी खरंच मोजलं, आणि आज आलेल्यांपैकी किती जण रात्री उत्तर बघायला परत आले, हे दोनच आकडे मी वहीत लिहितो. मोजणारे कमी झाले की समजायचं प्रश्न घराबाहेरचा झालाय, साहित्य जास्त लागतंय किंवा वेळ गैरसोयीची आहे. साडेबाराला ऑफिसमध्ये असलेला माणूस गच्चीवर कसा जाणार? म्हणून शून्य सावली दिवस रविवारी आला नाही तर जवळचा रविवार घ्या, एका दिवसाच्या फरकाने तीस सेंटीमीटरच्या बाटलीला जेमतेम एक मिलीमीटर फरक पडतो, तीन दिवसांनी तीन-चार मिलीमीटर.

तर मेसाठी असं करा. एप्रिलच्या शेवटी सकाळी एक साधा प्रश्न टाका, "तुमच्या घरातली सगळ्यात सरळ उभी राहणारी वस्तू कोणती?", त्यातून लोक बाटली, खलबत्त्याचा बत्ता, पेनस्टँड शोधून ठेवतात. मेच्या पहिल्या आठवड्यापासून रोज मध्यान्हीची सावली मागा, ती दिवसागणिक आखूड होत जाते आणि ठिपक्यांची रेष शून्याकडे सरकताना सगळ्यांना दिसते. चौदा तारखेला अंदाज: उद्या किती वाजून किती मिनिटांनी? पंधराला मोजमाप. त्या दिवशी ढग आले तर त्यासाठी रकान्याखाली "आमच्याकडे ढग" असं एक बटण ठेवा, कोणत्या स्टेशनवर ढग आणि कोणत्या स्टेशनवर ऊन हा नकाशा रात्री दाखवा. आणि सोळा तारखेला सकाळी तोच आमच्या गच्चीवरचा प्रश्न लावा, आज पण जाईल का?